माझे हिरवे बटण का झिजले

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. जेवणाचा नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, कारण कार्यालयात नव्याने आलेली माणसे मला पाहून हटकून तोच विनोद करत. पांढऱ्या प्लास्टिकची माझी काया आणि पोटावर तीन बटणे. हिरव्यावर हसरा चेहरा, पिवळ्यावर ना हसरा ना रडका, आणि लाल बटणावर तोंड पाडलेला. वर ठळक अक्षरांत लिहिले आहे, ‘आजचा दिवस कसा गेला?’ घरी जाताना प्रत्येकाने एक बटण दाबायचे आणि मी ते मोजायचे, एवढेच माझे काम होते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. मला जोडणाऱ्या बाईंनी तिन्ही बटणे पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. लाल जरा घट्ट वाटले, तेव्हा त्यांनी मला परत उघडून आतली स्प्रिंग बदलली.

शेजारची म्हणाली, “अगं, जाऊ दे की. ते कोण दाबणार आहे एवढं?”

“ज्याला ते दाबायचं असतं ना, त्याच्या अंगात त्या दिवशी जोर नसतो,” त्या म्हणाल्या.

ते वाक्य मी विसरलो नाही. अर्थ कळायला मात्र चार वर्षे लागली.

मला एका मोठ्या कंपनीने विकत घेतले. लोक फोनवर फोटो आणि व्हिडिओ टाकतात, तसले एक ॲप ही कंपनी चालवते. लोक काय वाट्टेल ते टाकतात. त्यातले क्रूर, किळसवाणे, बघवणार नाही असे तेवढे निवडून काढून टाकायचे काम तिसऱ्या मजल्यावरचा विभाग करत असे. म्हणजे तुमच्या नजरेस पडू नये म्हणून ते सारे आधी या माणसांनी बघायचे, प्रत्येकाने दिवसाला आठशे. मला त्याच मजल्यावर लिफ्टसमोर टांगले. विभागाच्या मोठ्या बाईंनी भिंतीवर स्वतः पेन्सिलीने खूण केली. “कोणाला त्रास होत असेल तर आपल्याला कळायला हवं,” त्या म्हणाल्या, आणि त्या मनापासून बोलत होत्या. याला मी साक्षी आहे.

पहिले दोन महिने लोकांनी खरी उत्तरे दिली. लाल बटण रोज पंधरा-वीस वेळा दाबले जाई. मला वाटले, आता यांच्यासाठी कोणीतरी काहीतरी करील. झाले भलतेच. वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी सगळ्या विभागांतल्या डब्यांचे आकडे एका मोठ्या पडद्यावर झळकवले. आमचा विभाग तळाला. बाईंना वर बोलावणे आले. तिथे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवसापासून बाई सुटायच्या वेळी माझ्या शेजारी उभ्या राहू लागल्या.

“चला, हिरवं दाबून जा बरं का,” त्या हसत म्हणत. त्यांच्या डोळ्यांदेखत लाल कोण दाबणार? सगळे मूग गिळून हिरवे दाबत आणि लिफ्टमध्ये शिरत.

महिन्याभरात आम्ही शंभरात अठ्ठ्याण्णव हिरवे झालो. पडद्यावर आमचा विभाग पहिला. साहेब खाली आले, त्यांनी माझ्या डोक्यावर थाप मारली, माझ्यासोबत फोटो काढला. खोटे कशाला बोलू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढले.

या विभागात एक गृहस्थ होते. सगळे त्यांना स्टुडिओवाले म्हणत, कारण पूर्वी त्यांचा फोटो स्टुडिओ होता. घरोघरी फोन आले आणि स्टुडिओ बसला. रडवेल्या पोरांना स्टुलावर बसवून ‘हास की जरा’ म्हणत त्यांची वीस वर्षे गेली होती. पहिल्याच दिवशी माझ्या हिरव्या चेहऱ्याकडे बघून ते म्हणाले, “याचा फोटो काढायला सोपा. सांगायच्या आधीच हसतोय!” मला ते तेव्हाच आवडले.

पुढे त्यांचे विनोद आटले. त्यांचे बोट लाल बटणाकडे जाई आणि वाटेतच थांबे. ते बोट गार आणि घामेजलेले असे. एकदा बाई म्हणाल्या, “स्टुडिओवाले, याही महिन्यात आपण पहिले येतोय. तेवढं सांभाळून घ्या.”

“घेतो की,” ते म्हणाले आणि त्यांनी हिरवे दाबले. मी ते इमानेइतबारे मोजले. मला आज त्याची लाज वाटते.

एका शनिवारी घरच्या माणसांना कार्यालय दाखवायचे ठरले. स्टुडिओवाल्यांची दहा वर्षांची मुलगी आली होती. निघताना दोघे माझ्यासमोर लिफ्टची वाट बघत उभे राहिले.

“बाबा, शाळेत फोटो द्यायचाय. सोमवार शेवटचा.”

“आईला सांग, फोनवर काढेल.”

“तुम्ही का नाही? सगळ्यांचे तर काढायचात.” तिने त्यांची बाही ओढली. “तुम्ही हल्ली माझ्याकडे बघतसुद्धा नाही.”

स्टुडिओवाल्यांनी लिफ्टचे बटण पुन्हा एकदा दाबले. मग हळूच म्हणाले, “कोणाचाही चेहरा बघायला गेलो ना, की दिवसभर बघितलेलं मधे येतं. तुझ्या चेहऱ्यावर ते यायला नको, बाळा.”

तिला त्यातले किती कळले कोण जाणे. तिने माझ्यावरची अक्षरे वाचली. “यातलं तुमचं कुठलं?”

“हिरवं. रोज हिरवंच दाबतो.”

“खरं सांगा.”

त्यांनी मान फिरवली. तेव्हा तिने टाचा उंचावल्या आणि लाल बटण दाबले. एकदाच, नीट.

सोमवारी बाईंनी आकडे पाहिले. “हे एक लाल? पोरीनं खेळता खेळता दाबलं असणार,” असे म्हणून त्यांनी ते खोडून टाकले. मित्रांनो, त्या अख्ख्या वर्षात मला मिळालेले तेवढे एकच उत्तर खरे होते. मला ओरडावेसे वाटले. पण मला तोंडे तीन असली तरी आवाज एकही नाही.

काही दिवसांनी माझे हिरवे बटण अडकले. दुरुस्तीवाल्याने मला उघडले आणि तो हसायलाच लागला. “बाई, हिरव्याची पार झीज झालीय, चेहरासुद्धा पुसलाय. लाल बघा, कोरं करकरीत. इथं कोणाला वाईटच वाटत नाही की काय? मला तर दुकानात रोज वाटतं.”

त्याने नवे हिरवे बटण बसवले. बाई हसल्या नाहीत. “बघते मी,” म्हणाल्या. पण महिनाअखेर होती आणि बघायचे राहून गेले.

चौथ्या दिवशी स्टुडिओवाले जागेवरून उठेनात. दोन्ही हातांनी डोळे झाकून ते बसले होते आणि “बंद करा, कोणीतरी बंद करा,” एवढेच म्हणत होते. त्यांच्या समोरचा पडदा शेजारच्याने केव्हाच बंद केला होता. त्यांची बायको न्यायला आली. लिफ्टपाशी तिने बाईंना विचारले, “घरी दोन महिने झोप नाही त्यांना. तुम्हाला इथं काहीच कसं कळलं नाही?”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवर हसत होतो.

त्या दिवशी बाई बोलावण्याची वाट न बघता वर गेल्या. बऱ्याच फेऱ्या झाल्या, वाद झाले, तेव्हा कुठे काही हाती लागले. आठशेचे चारशे झाले. समुपदेशक बाई नेमल्या, त्यांना दार लागते अशी खोली दिली, आणि तिथले बोलणे वरच्या मजल्यावर जाणार नाही असे लिहून घेतले. शिवाय हे ॲप घराघरात आहे, तेव्हा त्याचा त्रासही घराघरात असणार, हे बाईंनी साहेबांच्या गळी उतरवले. आता कंपनीच्या खर्चाने जवळच्या वस्तीतल्या दवाखान्यातही समुपदेशक बाई दर मंगळवारी बसतात. आकड्यांचा तो पडदा मात्र बाकीच्या मजल्यांवर अजून झळकतोच आहे, म्हणे.

आमच्या मजल्यावरची मोजणी थांबली आणि मला वायर तोडून या दवाखान्यात आणले. आता मी काही मोजत नाही. ज्यांना बोलणे जड जाते ते माझ्या एखाद्या चेहऱ्यावर बोट ठेवतात आणि समुपदेशक बाई म्हणतात, “बरं. मग सांगा.” आणि खरोखरच थांबतात.

स्टुडिओवाल्यांनी ती नोकरी सोडली. गेले पाच महिने ते मंगळवारी येतात. बोट अजून बहुतेक वेळा लालवरच असते. गेल्या मंगळवारी मुलगी सोबत होती, नव्या वर्षाचा शाळेचा फॉर्म घेऊन. ती माझ्याखाली भिंतीला टेकून उभी राहिली आणि सवयीने तोंडभर हसली. स्टुडिओवाल्यांनी फोन उचलला, खाली घेतला, पुन्हा उचलला.

“हसू नकोस,” ते म्हणाले. “जशी आहेस तशी राहा.”

त्यांनी तिच्याकडे पाहिले. बटण दाबले, पण फोटो हलला.

“हलला गं.”

“मग पुढच्या मंगळवारी,” ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या मोठी यंत्रे बनवाल, मोठ्या कंपन्या चालवाल. माणसांना कसे आहात म्हणून जरूर विचारा. पण विचारताना शेजारी उभे राहून उत्तर सुचवू नका, आणि आलेले लाल खोडू नका. आणि माझ्यासारखा एखादा डबा बनवलात, तर त्याच्या लाल बटणाची स्प्रिंग तेवढी मऊ बसवा.