माझा गॅस कुणी नेला?

मित्रांनो, मालवणच्या बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर अप्पांचा बर्फाचा कारखाना आहे. तिथे पाण्याचा बर्फ करणारे जे जुने यंत्र आहे, ते मी. माझा रंग उडाला आहे, खाऱ्या वाऱ्याने अंग खाल्ले आहे. पण माझी तक्रार त्याबद्दल नाही. माझी तक्रार नारळाबद्दल आहे.

१९५८ साली मी मुंबईहून आगबोटीने आले. बोटीतून छोट्या पडावात आणि पडावातून किनाऱ्यावर मला उतरवताना बारा गड्यांचा घाम निघाला. डिझेल इंजिनाचा पट्टा मला जोडला आणि तिसऱ्या दिवशी मी बर्फाची पहिली लादी दिली. तोवर उरलेली मासळी एकतर मिठात घालायची, नाहीतर वाळूवर सुकवायची, एवढेच लोकांना ठाऊक. लादीला हात लावून म्हातारी माणसेसुद्धा पोरांसारखी हसली. अप्पा तर मला 'माझो हिमालय' म्हणू लागले.

माझ्या पोटात अमोनिया नावाचा गॅस फिरतो. मी त्याला दाबते, मग तो तापतो. मागच्या भिंतीबाहेरच्या नळ्यांवर पाणी पडत असते, तिथे तो निवून पातळ होतो. पुढे बर्फाच्या टाकीतली उष्णता शोषून तो पुन्हा माझ्याकडे येतो. तोच गॅस, तीच फेरी. दिव्यातल्या रॉकेलसारखा तो जळून संपत नाही. एवढी साधी गोष्ट अप्पांच्या डोक्यात कधी शिरली नाही!

माझी देखभाल दाजी करायचा. बोलणे कमी, हात सदा तेलकट. माझा आवाज जरा बदलला तरी तोंडातला घास टाकून तो धावत यायचा.

दर दसऱ्याला अप्पा माझी पूजा करत. पूजेला माझी ना नाही. फुले वाहा, कुंकू लावा. पण नारळ? पायरीचा दगड दोन हातांवर असताना अप्पांना तो माझ्यावरच फोडायचा असे. "यंत्राचो मान यंत्राक," असे म्हणत ते भिंतीबाहेरच्या नळीचा जाड जोड शोधत आणि त्यावर नारळ आपटत. स्वतःच्या नावाचा एक, घरच्यांच्या नावाचे चार. वर नारळाचे खारटगोड पाणीही त्यावरच! पाच दसरे मी हे सोसले. अहो, मी यंत्र आहे, पाटा-वरवंटा नव्हे!

शेवटी त्या जोडातली फट बुजवणारी शिशाची चकती हलली आणि गॅस झिरपू लागला. अमोनियाचा वास असा की नाकाला झिणझिण्या याव्यात. पण भिंतीमागेच सुके बांगडे आणि सुकट वाळत पडलेली. येणारा-जाणारा नाक मुरडून म्हणे, "आज सुक्याक वास इलो," आणि पुढे जाई. इकडे माझी थंडी कमी झाली की अप्पा नवा गॅस भरायला सांगत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

त्रेसष्ट सालच्या दसऱ्यानंतर गळती फारच वाढली. सुरमईचे दिवस, आणि माझ्या लाद्या हातात धरताच फुटू लागल्या. रुक्मिणी मासळीवालीच्या दोन पाट्या सुरमई खराब झाली. ती कारखान्यात येऊन तोंड सोडून बोलली. तिचा राग अप्पांनी दाजीवर काढला. दारात बर्फासाठी पंचवीस माणसे उभी होती. त्या सगळ्यांसमोर अप्पा ओरडले, "म्हयन्यात दोन बाटले भरले, गॅस गेलो खंय? तूच इकलंस! चोर मेलो!"

दाजीने तेलकट हात जोडले. "अप्पानू, मिया थेंबय घेवंक नाय."

"उद्यापासून हयसर पाय ठेवू नको!"

चोर सोडून संन्याशाला फाशी! मला तोंड असते तर त्या दिवशी मी अप्पांना सोडले नसते.

दाजी मान खाली घालून, जाण्याआधी नळ्यांवरचे पाणी एकदा बघायला मागे गेला. रुक्मिणी त्याच्या पाठोपाठ बडबडत निघाली, आणि जोडाजवळ येताच थबकली.

"दाजी, ह्यो कसलो वास?"

"सुक्याचो."

"मासळी इकून केस पिकले माझे. ह्यो वास मासळेचो न्हय. डोळे चुरचुरतत."

दाजी धावतच आत आला. गंधकात बुडवलेली सुतळी त्याने पेटवली आणि एकेक जोड तपासत निघाला. गंधकाच्या धुराला अमोनिया भेटला की दाट पांढरा धूर होतो. कुंकू फासलेल्या त्या जाड जोडाजवळ सुतळी नेली मात्र, भसकन पांढरे लोट निघाले. चिरेत नारळाचा काथ्या अजून अडकलेला होता.

अप्पांना बोलावले. त्यांनी धूर पाहिला, काथ्या पाहिला, मग स्वतःचे हात पाहिले. हळूच म्हणाले, "बरा, बरा. उद्या येळेर ये." आणि वळले. संपले! माझा संताप संताप झाला. दाजी तेवढ्यावरही गप्प राहिला असता, पण रुक्मिणी वाटेत आडवी उभी राहिली.

"अप्पानू, चोर म्हटलात तेवा अख्ख्या बंदराक आयकू गेला. आता कानात सांगून कसा चलात?"

अप्पा मग पुढच्या दारात गेले. त्यांचा आवाज मला भिंतीतून ऐकू आला.

"आयका रे! दाजी चोर न्हय. गॅस माझ्या नारळान घालवलो. चूक माझी!"

मित्रांनो, यंत्र गार करीनासे झाले तर आधी गळती शोधा, गॅस मग भरा. यंत्राचा मान ठेवायचा असेल तर त्याला फडक्याने पुसा, तेल द्या, नारळ दगडावर फोडा. आणि एखाद्याचे नाव चारचौघांत घालवले असेल, तर ते चारचौघांतच परत द्या. कोपऱ्यात दिलेले पुरत नाही.

अप्पा दारात ओरडत होते तेव्हा भिंतीमागे दाजी उपरण्याने डोळे पुसत होता. "गॅस लागलो गो डोळ्यांक," असे तो रुक्मिणीला म्हणाला. पण जोडाच्या दोन्ही बाजूंच्या झडपा त्याने केव्हाच बंद केल्या होत्या.