कोरा नमुना

सांडपाणी केंद्राच्या प्रयोगशाळेत धाकट्या जावेला थोरलीनेच शब्द टाकून नोकरीला लावलं होतं. हाताखाली घरचं माणूस असलेलं बरं, असं तेव्हा वाटलं होतं.

थोरलीचं काम ठरलेलं. सांडपाणी शुद्ध केल्यावर तळाशी उरणारा काळा गाळ वाळवून शेतांना खत म्हणून जायचा. त्यात विषारी रसायनं किती, ते ती मोजायची. वाळलेला गाळ द्रावकात घालून तासभर हलवायचा, द्रावक गाळून घ्यायचं, मोजणाऱ्या यंत्रात सोडायचं. वर्षानुवर्षं आकडा मर्यादेच्या आत.

धाकटी आली आणि साहेबांच्या तोंडी सारखं तिचंच नाव. घरीही सासूबाई म्हणायच्या, "धाकटीच्या हाताला चव आहे हो!" थोरली ताट अर्धं टाकून उठायची.

एकदा धाकटीने गाळ काचेच्या उभ्या यंत्रात लावला. खाली द्रावक उकळायचं, वाफ वर थंड होऊन गाळावर ठिबकायची, पुन्हा खाली उतरायची, दिवसभर हेच. प्लास्टिक मऊ करणारं रसायन मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट निघालं.

"मग इतकी वर्षं आपण मोजत काय होतो?" साहेब 'आपण' म्हणाले, पण पाहिलं थोरलीकडे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी तिला धाकटीच्या द्रावकाच्या बाटलीला एक नळी दिसली. प्लास्टिकची! म्हणजे विष गाळातलं नाहीच, या नळीतलं. थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ती तडक साहेबांकडे गेली, धाकटीसमोरच बोलली.

"कोरा नमुना लावून बघते. गाळाऐवजी भाजलेली वाळू, बाकी सगळं हिच्यासारखंच. तरीही रसायन निघालं तर ते नळीचं."

"ताई, आधी मला विचारायचं ना," धाकटी हळूच म्हणाली.

"तपासायला कसली परवानगी?"

आयुष्यात केलं नसेल इतकं निगुतीने थोरलीने ते काम केलं. दुसऱ्या दिवशी आलेख आला तो सपाट, रसायनाचा मागमूस नाही. तिने पुन्हा लावला. पुन्हा सपाट. नळी नीट निरखली, तर ती द्रावकाला दाद न देणाऱ्या जातीची निघाली. मग तिने गाळातच मोजून रसायन घातलं आणि दोन्ही रीतींनी काढून पाहिलं. धाकटीच्या रीतीने जवळजवळ सगळं हाती आलं. तिच्या स्वतःच्या रीतीने जेमतेम निम्मं.

साहेब बाहेर गेले होते, धाकटी जेवायला. आलेख थोरलीशिवाय कुणी पाहिला नव्हता. 'अजून तपासतेय' म्हणून आठवडा काढला असता, तरी खपून गेलं असतं. तेवढ्यात खिडकीतून गाळाने भरलेला ट्रक फाटकाकडे जाताना दिसला.

ती तशीच हातमोज्यांनिशी धावत सुटली. "थांबवा! फाटक लावा!"

चालक वैतागला. "बाई, कालपर्यंत तर चाललं होतं!"

"कालपर्यंत मी चुकत होते," ती म्हणाली आणि तिथूनच साहेबांना फोन लावला.

संध्याकाळी घरी धाकटीने सासूबाईंना सगळं रंगवून सांगितलं. "ताईंनी तपासलं म्हणून माझा आकडा खरा ठरला. ट्रकही त्यांनीच अडवला. माझी तर छाती झाली नसती."

"थोरली आहेच तशी," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

इतक्या वर्षांनी हे शब्द कानावर पडले, तेही धाकटीने मिळवून दिले म्हणून. थोरली उठली आणि नळ मोठा सोडून भांडी घासायला लागली.