सादळलेल्या उदाला ऊन

फुगीर पोटाचा, मागे मुरडलेल्या मानेचा मी एक जुना ऊद. धूप नव्हे हं मित्रांनो, अरबांचं तंतुवाद्य! आणि खरं सांगतो, मी फार भित्रा आहे. अक्रोडाच्या पातळ पट्ट्या सरसाने जोडून माझं पोट घडवलंय. सरसाच्या जिवावर जगणाऱ्याला कसली आली हिंमत?

मस्कतमध्ये एका म्हाताऱ्या वादकाने मला वर्षानुवर्षं वाजवलं. लग्नांत माझं केवढं कौतुक व्हायचं! तो थकला, तेव्हा त्याने मला आपल्या ड्रायव्हरला देऊन टाकलं. तो ड्रायव्हर म्हणजे रेवदंड्याचा रामचंद्र. सुट्टीत त्याने मला घरी आणलं आणि मी माळ्यावर गेलो. अंधारात उंदीर माझ्या पिशवीशी खुडबुडायचे आणि मी देवाचा धावा करायचो.

नोकरी संपवून परतल्यावर, पन्नाशी उलटलेल्या रामचंद्राने मला खाली काढलं. मोबाईलवरचे धडे बघत तो शिकू लागला. स्टिअरिंग धरून राठ झालेली त्याची बोटं! त्यात माझ्या मानेवर सतारीसारखे पडदे नाहीत. बोट जरा सरकलं की सूर गेलाच.

"अहो, मांजर कुठं अडकलंय का बघा!" बायको वेणूबाई चुलीपासून ओरडायची.

तरी तो सोडेना. कीर्तनकार सोनाबाईंनी त्याला सांगून ठेवलं होतं, "रामचंद्रा, नरसिंहजयंतीला प्रल्हादाचं आख्यान लावतेय. त्या लेकराला हत्तीच्या पायाशी टाकतात ना, तिथे पेटी थांबेल. तिथे तू एकट्याने वाजवायचं."

सगळ्या आळीसमोर, एकट्याने! कीर्तन म्हणजे देवापुढची सेवा. तिथे चुकलं तर? त्या धसक्याने त्याचा हात थरथरू लागला, आणि त्याच्या मांडीवर मीही.

त्यातच मे महिना. खाऱ्या हवेने माझा आवाज बसला. जयंतीच्या आदल्या दिवशी वेणूबाईने मला टिचकी मारून पाहिली. "सादळलाय हो तुमचा ऊद. पापडासारखं ऊन दाखवते, कडक व्हईल." रामचंद्र 'बरं' म्हणून बाजारात गेला. तिने मोठ्या मायेने मला अंगणात वाळवणाच्या खाटेवर निजवलं. एका बाजूला पापड, दुसऱ्या बाजूला बोंबील. ऊन चढलं. सरस पाघळला. मला ओरडायला तोंड कुठलं? पोटात 'कट्' वाजलं आणि एक पट्टी सुटली.

रामचंद्र परत आला, त्याने माझ्या फटीवरून बोट फिरवलं. "संपलं. सोनाबाईंना सांग, मला ताप हाय."

"देवाच्या कामात थापा?" वेणूबाईचे डोळे भरले होते. "माझ्या हातनं झालंय, मीच बांधते."

त्याने फटीत सरस भरला. तिने जुन्या लुगड्याची हिरवी पट्टी फाडली आणि बाळंतिणीचं पोट बांधतात तसं माझं पोट घट्ट आवळलं.

तसाच मी दुसऱ्या संध्याकाळी देवळात गेलो.

"काय रामचंद्रभाऊ, ऊद बाळंत झाला काय?" आळीतला विपुल मागून ओरडला. सगळे खदखदून हसले. रामचंद्राचे तळवे घामाने ओले झाले होते. मला कळत होतं ना!

आख्यान रंगलं. हत्ती आला. पेटी थांबली. मला वाटलं, या एका आघाताने मी उकलणार. त्याने तार छेडली. बोट इतकं कापत होतं, की सूर जागेवर ठरेना. हुंदका गिळणाऱ्या पोरासारखा वरखाली होऊ लागला. रामचंद्र हात उचलणार, एवढ्यात सोनाबाई हळूच म्हणाल्या, "थांबू नकोस. प्रल्हादही असाच कापत असेल."

आणि त्याच कापऱ्या सुरावर त्यांनी नाम धरलं. विपुलने कधी हात जोडले, त्यालाही कळलं नसेल. सूर्य बुडाला, नरसिंहजन्माचा गुलाल उधळला. पट्टी टिकली.

मित्रांनो, ती हिरवी पट्टी अजून माझ्या पोटावर आहे, आणि भीतीही गेलेली नाही. म्हणून विनवतो, वाद्याला उन्हात घालू नका, माळ्यावरही टाकू नका. सावलीत ठेवा, रोज थोडा हात लावा. हात थरथरला तरी लावा. भ्यालेला हात किती जपून धरतो, ते मला ठाऊक आहे.