ओगराळ्याचं कोलेस्टेरॉल

राटिलाइनेनचं बिंग भर सभेत फुटलं. ते फुटलंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ; गावानेही तेच केलं.

पूर्व फिनलंडातल्या हाउकिलम्पी गावाच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. दालचिनीचे पाव संपले होते, कॉफीची तिसरी किटली उतरत होती आणि पांढऱ्या कोटातला फिरता औषधविक्या राटिलाइनेन गर्जत होता, "लोखंड गंजतं, तसं रक्तातलं कोलेस्टेरॉल गंजतं! पाळी गेली की बायकांचे पहारेकरी हार्मोन रजेवर जातात. पुरुषांना तर ते धड मिळालेच नाहीत! माझ्या थेंबांत हार्मोन आहेत, जीवनसत्त्वं आहेत. दुहेरी पहारा!"

त्याने गावातल्या एवर्टला पुढे बोलावलं. बोट 'स्वच्छ' करायला तपकिरी औषध चोपडलं, सुई टोचली, बोट पेल्यातल्या पाण्यात बुडवलं. पाणी तपकिरी!

"हा बघा गंज!"

थेंब पडले. पाणी नितळ. मागून कुणीतरी चक्क "हं" म्हणालं. या गावात याला टाळ्यांचा कडकडाट म्हणतात.

नर्स सायमी कोपऱ्यात धुमसत होती. एवर्ट तिचा थोरला भाऊ. त्याला हृदयविकाराचा झटका येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि या थेंबांपायी त्याने डॉक्टरच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

"काही शंका?" राटिलाइनेन निर्धास्त होता. इथे सभेत प्रश्न विचारणं म्हणजे कोट घालून सौनात, वाफेच्या न्हाणीघरात, बसणं.

सायमी उठली. शेजारच्या सौनातलं, तापल्या दगडांवर पाणी ओतायचं लाकडी ओगराळं आणलं, दांड्याला तेच तपकिरी औषध फासलं, दांडा ताज्या पाण्यात बुडवला. पाणी तपकिरी. पर्समधली क जीवनसत्त्वाची गोळी त्यात विरघळवली. पाणी नितळ.

"अगं बाई," म्हातारी लेम्पी पुटपुटली, "ओगराळ्यालाही कोलेस्टेरॉल?"

"ते आयोडीन आहे, आजी! क जीवनसत्त्व त्याचा रंग घालवतं, बस्स. कोलेस्टेरॉल गंजतं हे खरं. काचेच्या नळीत काही हार्मोन नि जीवनसत्त्वं तो गंज थोपवतात, हेही खरं. पण दादा, तू नळी नाहीस रे! हजारो माणसांना जीवनसत्त्वं देऊन पाहिलं, झटके काही टळले नाहीत. तुझ्या गोळ्यांनी ते कमी होतात. डोकं टोपी ठेवायला दिलेलं नाही, जरा वापरा!"

राटिलाइनेन कॉफी अर्धी टाकून सटकला. मग कुणीतरी तळ्यावरचा बर्फ यंदा कधी फुटेल, असा विषय काढला.

"सायमे, चारचौघांत मला ओगराळ्याच्या पंक्तीला बसवलंस," एवर्ट घरी फुरंगटला.

"गोळी घे."

"उद्या बघू."

"आत्ता!"

त्याने गोळी गिळली. वर थेंबही टाकले.

"दादा!"

"बाटली काय फेकून द्यायची?"

सोमवारी सायमीने सूचनाफलकावर कागद डकवला:

'समस्त ग्रामस्थांस विनंती करण्यात येते की, यापुढे कोणताही चमत्कार प्रथम ओगराळ्यावर करवून घ्यावा, तसेच प्रत्येक सभेत किमान एका इसमाने तोंड उघडून, मोठ्याने, एक प्रश्न विचारावा.'