पंचफुलाचं सुतक

नियम म्हणजे नियम, असं यमुताई म्हणायच्या, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. कामठी रोडवरच्या त्या मनोरुग्णालयात बायकांच्या वॉर्डात कोणी भरती झाली, की अंगावरचं टोचणारं, कापणारं, गळ्याभोवती आवळता येणारं सगळं काढून ठेवायचं. यमुताई बंगलोरला जाऊन मनाच्या आजारांच्या नर्सिंगचा कोर्स करून आलेल्या. हे काम त्या झोपेतही करतील. आणि झालं बाप्पा तसंच, त्यांनी ते झोपेत केल्यासारखंच केलं.

पंचफुला पारशिवनीकडची. विहिरीत उडी घेतलेली, गावच्यांनी दोराला बाज बांधून वर काढलेली. भाऊ नत्थूजी तिला सोडायला आला, जावई कळमेश्वरला फॅक्टरीत आहे, सुट्टी भेटली नाही, म्हणाला आणि बस चुकेल म्हणून पळाला. पंचफुला बोलत नव्हती, खात नव्हती. आधीच्या दवाखान्यात नाकात घातलेल्या नळीतून दूध पोटात जाई, तेवढंच.

यमुताईंनी साबण लावून तिच्या बांगड्या उतरवल्या, गळ्यातली मंगळसूत्राची काळी पोत काढली. हे करताना त्या आया रुखमाबाईशी धुतलेल्या चादरींबद्दल बोलत होत्या. हे काहून काढतो, एवढं एक वाक्य पंचफुलाला सांगायचं राहिलं. सवाष्ण बाईचे हात भुंडे करताना तोंड उघडू नये? शिकलेल्या माणसाला हे कोणी शिकवावं?

पंचफुलानं आपल्या हातांकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांची मुकी बाई ऊर बडवून रडायला लागली. "माहे मालक गेले वं माय, माहे मालक गेले."

"अगं, जिवंत आहे तुझा नवरा," यमुताई म्हणाल्या. "हा दवाखान्याचा नियम आहे." पण ऐकतो कोण? सुतकाच्या घरी धीर द्यायला लोक काहीबाही बोलतातच, तिला हेही तसलंच वाटलं.

तेवढ्यात प्रयागबाई उठली. प्रयागबाई वॉर्डातली सगळ्यांत जुनी पेशंट, तिला न्यायला कोणी कधी आलंच नाही. तिनं आपल्या ताटलीतला भात-वरणाचा गोळा केला आणि पंचफुलापुढे धरला. "घे वं बाई, कडू घास हाय. हा खावाच लागते." मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी अन्न आणून घरच्यांना भरवतात, तो हा घास. पंचफुलानं तोंड उघडलं. नळीशिवाय तिच्या पोटात गेलेलं ते पहिलं अन्न.

त्या दिवसापासून वॉर्डात सुतक बसलं. बाया दुपारी पंचफुलाभोवती गोळा होत आणि एकमेकींच्या गळ्यात पडून रडत. कोणी मेलेल्या लेकराला रडली, कोणी हरवलेल्या घराला, प्रयागबाई कोणाला रडत होती देव जाणे. एकमेकींना ओरबाडणाऱ्या या बाया आता वेणी घालून देऊ लागल्या. पंचफुला दोन्ही वेळा जेवू लागली. डॉक्टर मनोहरराव खूश. म्हणाले, "सिस्टर, खाते आहे ना? मग राहू द्या काही दिवस."

यमुताईंच्या मात्र घशाखाली घास उतरेना. एका जिवंत माणसाचं सुतक आपल्या हातानं सुरू झालं, आणि पेशंटशी खोटं बोलायचं नाही हे तर त्या नव्या पोरींना छातीठोकपणे शिकवत. नवऱ्यालाच आणून समोर उभा करते, म्हणाल्या, आणि सुट्टीच्या दिवशी एसटीनं कळमेश्वर गाठलं.

नवरा कवडू फॅक्टरीमागच्या चाळीत सापडला. आतून एक बाई चहा घेऊन आली. तिला दिवस गेलेले दिसत होते. यमुताईंना सगळं कळलं. तरी वॉर्डात बसलेलं सुतक त्यांनी कवडूला सांगितलं.

"मी पंचफुलावर कधी हात नाही उगारला, बाई," कवडू खाली मान घालून म्हणाला. "मन नाही लागलं तं काय करू? तिले मी मेलो वाटते न? मंग मेलोच राहू द्या. तिलेबी सोपं, मलेबी."

"एकदा येऊन तोंड दाखव. तिला खरं तरी कळेल."

"नाही जमणार."

यमुताई चहा तसाच ठेवून उठल्या. अख्ख्या वाटेत त्यांचा संताप उतरला नाही. या माणसाच्या सोयीसाठी मी खोटं बोलू? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पंचफुलाच्या खाटेवर बसून सरळ सांगितलं. "तुझा नवरा जिवंत आहे. मी डोळ्यांनी पाहून आले. त्यानं दुसरी बाई केली आहे, तो येणार नाही."

पंचफुला खाटेवर उठून बसली. मग म्हणाली, "मले माहीत हाय. म्हणूनच तं मी हिरीत गेली होती."

"मग हे रडणं?"

"तुमी बांगड्या काढल्या तवा मले खरंच वाटलं का गेला. मंग रातच्याले समजलं, असं काही नाही. पण बाया जवळ बसून राहिल्या होत्या, घास देऊन राहिल्या होत्या. म्हटलं, राहू दे." तिनं तळहातानं तोंड पुसलं. "मेलेल्यासाठी रडाले चार जनी येतेत, बाई. टाकलेल्या बाईपाशी कोन बसते? माह्या सख्ख्या भावानं एक दिवस ठेवून नाही घेतलं."

प्रयागबाई पलीकडच्या खाटेवरून ऐकत होती. ती उठली, नळाखाली हात धुऊन आली आणि दुसऱ्या बायांना म्हणाली, "जित्त्या माणसाचं सुतक धरलं वं आपन. पाप लागन." दुपारी पंचफुलाजवळ कोणी फिरकलं नाही. जी ती आपल्या खाटेवर, आपल्या भिंतीकडे तोंड करून. तिची ताटली भरलेली राहिली, त्यावर माशा बसल्या.

संध्याकाळी यमुताईंनी स्वतः घास केला आणि तिच्या ओठांशी नेला. ओठ मिटलेलेच.

"मी बसते ना तुझ्याजवळ," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं.

"तुमी चांगल्या हा, बाई," पंचफुला म्हणाली. "पन तुमची ड्युटी सरन."

ड्युटी सरली तरी यमुताई उठल्या नाहीत. बदलीची सिस्टर आली, तिनं नाकात घालायची नळी उकळायला ठेवली, वॉर्डातले दिवे लागले. घरी सासू आजारी होती, पोरं वाट पाहत होती. शेवटी त्यांना उठावंच लागलं. दारापाशी त्यांनी वळून पाहिलं, तर पंचफुला त्यांच्याकडे बघतही नव्हती.