संध्याकाळपर्यंतची ओळख

आमच्या संस्थेच्या नऊ शाळा आणि पालकांसाठी एक ॲप. मुलाची हजेरी, बसचा थांबा, घरचा पत्ता, सगळं त्यात. ते सांभाळणारा मी एकटा, धाराशिवच्या कार्यालयात. कोणी ॲप उघडलं की ते आधी मुख्य यादीला विचारायचं, या माणसाला दाखवू का? घोडं तिथंच पेंड खात होतं. सकाळी आठला हजारभर पालक एकदम बस बघायला यायचे आणि ॲप नुसतं फिरत बसायचं.

सचिव गुरुसिद्धप्पा अण्णा वैतागून म्हणाले, "वैजनाथ, रोजच्या माणसाला दारात नाव इचारतंय का कुणी?"

मला ते पटलं. सकाळी एकदा विचारायचं आणि उत्तर संध्याकाळपर्यंत लक्षात ठेवायचं, असं करून टाकलं. ॲप पळायला लागलं. अण्णांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि मी फुगलो.

जुलैतल्या एका सोमवारी साडेदहाला ज्ञानेश्वरी आली. नवऱ्याच्या, रणधीरच्या, माराला कंटाळून उमरग्याहून निघालेली, येडशीला नागूबाई मावशीकडे राहिलेली. सहा वर्षांच्या राजनंदिनीला तिनं आमच्याच उमरग्याच्या शाळेतून येडशीच्या शाळेत घातलं होतं.

"दादा, रणधीरला ह्यातलं काई दिसाय नको. कळलं तर लेकरू माझ्यापाशी ठिवायचा न्हाय."

मी तिच्यादेखत मुख्य यादीतून त्याचं नाव काढलं, नवा पत्ता आणि बसचा थांबा चढवला. रणधीरनं सकाळी आठला ॲप उघडलं होतं, म्हणजे त्याची ओळख संध्याकाळपर्यंत चालणार, हे मला समोर दिसत होतं. लक्षात ठेवलेलं पुसायचं बटणही होतं. पण ते दाबलं की सगळ्यांची तपासणी नव्यानं, नऊ शाळांचं ॲप अर्धा तास ठप्प, आणि वर अण्णांचा फोन. म्हटलं, शाळा सुटल्यावर दाबू.

एक वाजता रणधीरनं ॲप पुन्हा उघडलं आणि त्याला नवा थांबा दिसला. पाच वाजता राजनंदिनी येडशीच्या थांब्यावर उतरली, तेव्हा तो गाडी घेऊन उभा होता. पोरगी पप्पा म्हणत धावत गेली, असं बसवाला सांगतो.

तीन आठवड्यांनी ज्ञानेश्वरी पुन्हा आली. वकिलानं लेकीच्या प्रवेशाचा कागद आणायला सांगितला होता. बाप आहे, लेक परत मिळायला वर्षं जातील, असंही तोच म्हणाला होता. तिच्यासोबत कपड्यांची पिशवी होती.

"मावशीचं घर सोडलं," ती म्हणाली. "लेकीचा थांबा तिला माहीत होता आन् तुमाला. तुमी तर माझ्यासमोर नाव काढलं. मग तिनंच सांगितला."

"मावशी काय म्हणतात?"

"लई रडली. येडाई देवीची आन घेतली. म्या न्हाय ऐकलं."

चोर सोडून संन्याशाला फाशी. चोर तिच्यासमोर, माझ्याच खुर्चीत बसला होता. एक वाक्य बोललो असतो तर त्या म्हातारीचं दार तिला पुन्हा उघडलं असतं आणि माझी नोकरी गेली असती. मला माझीच किळस आली. मी कागदावर शिक्का मारला.

"आता राहणार कुठं?"

"बघते. माझं म्हणावं असं कुणी राहिलं न्हाय आता." तिनं कागद जपून घडी करून पिशवीत ठेवला. "तुमी तेवढं इमानानं केलं, दादा. लई उपकार झाले."

मी म्हणालो, "असू द्या."