सासऱ्यांचा बोनस

आमच्या घरात देवाच्या खालोखाल कोणाला मान असेल तर तो माझ्या सासऱ्यांच्या नो क्लेम बोनसला. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी सांगते. वर्षभरात विमा कंपनीकडे नुकसानभरपाई मागितली नाही, की पुढच्या हप्त्यात सूट मिळते. ती दरवर्षी वाढत जाते आणि पन्नास टक्क्यांवर थांबते. मध्येच एकदा जरी भरपाई मागितली, की सगळं मुसळ केरात आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. बाकीचं जग याला सूट म्हणतं. आमचे गोपीनाथबाबा याला पुण्याई म्हणायचे.

माझं माहेर ठाण्याचं, टेंभी नाक्यापासून हाकेच्या अंतरावर. लग्न होऊन मी आंबिवलीजवळच्या या गावात आले, तेव्हा दारात पांढरीशुभ्र मोठी गाडी उभी होती. जमिनीचे पैसे आल्यावर बाबांनी ती घेतली होती. मला वाटलं, मजा आहे. मग कळलं की गाडी आहे, पण ती चालवण्यासाठी नाही, जपण्यासाठी आहे.

मी कल्याणच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये जाऊन गाडी शिकले, पहिल्या फटक्यात लायसन्स काढलं. माझी इच्छा एवढीच होती, की नवरात्रात स्वतः गाडी चालवत माहेरी जावं आणि टेंभी नाक्यावरच्या देवीची ओटी भरावी. लहानपणापासून त्या गर्दीत मी कोणाच्या ना कोणाच्या तरी मागून गेले आहे. एकदा तरी आपण पुढे बसावं असं मला फार वाटायचं.

"बाबा, चावी द्या ना. गावातल्या गावात एक चक्कर मारून येते."

"पोरी, तू काय बी माग. सोना माग. चावी नको मागू. नवा हात हाय तुझा. कुटं घासली, तर माझा बोनस जायचा."

घासली म्हणून लगेच कोणी भरपाई मागायला जात नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. उपयोग शून्य. शेवटी आमच्या विमा एजंट कलावतीबाई खडवलीहून स्कूटरवर आल्या, तेव्हा मी त्यांनाच मध्ये घातलं. बाई मोठ्या सडेतोड. चहा बशीत ओतत म्हणाल्या, "गोपीनाथशेठ, हप्ता ठरतो तो गाडीची किंमत काय, इंजिन केवढं, गाडी किती जुनी, नोंदणी कुठली, वर काय काय बसवलंय आणि बोनस किती, यावर. सून चालवते की सासरा, यानं आपल्या हप्त्यात काही फरक पडत नाही."

"कंपनीला नसंल परत. मना परतो," बाबा म्हणाले.

पण त्यातला त्यांना सोयीचा भाग त्यांनी पक्का धरला. दिपेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हळदीच्या कार्यक्रमांसाठी डिकीत दोन भलेमोठे स्पीकर बसवले होते. ते त्याच दुपारी काढून गोठ्यात ठेवले गेले. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं प्रकरण, त्यामुळे दिपेश आठवडाभर कोणाशी बोलला नाही. शिवाय मुंबईत नोंदवलेल्या गाडीला हप्ता जास्त पडतो, हे कलावतीबाईंच्या तोंडून निघून गेलं. तेव्हापासून गाडी मुलुंडच्या पुढे नेणं बंद. नोंदणी आणि नुसतं जाणं यात फरक असतो, हे त्यांना कोणी समजवायचं? दादरच्या लग्नाला आम्ही सगळे नटूनथटून मुलुंडपर्यंत गाडीने गेलो आणि तिथून दोन रिक्षा बदलून पुढे दोन टॅक्सी केल्या.

आणि त्या वर्षी, गणपतीच्या आधी, पन्नास टक्के आले.

बाबांनी पेढे वाटले. इथपर्यंत ठीक होतं. पण त्यांचे चुलत भाऊ पोपटकाका म्हणजे गावातलं बॅनरचं खातं. आमच्या पट्ट्यात माणूस बारावी झाला, नगरसेवकाच्या शेजारी उभा राहिला किंवा नुसता वाढदिवस आला, तरी त्याचा बॅनर लागतो. पोपटकाकांनी आमच्याच फाटकावर लोखंडी चौकटीचा बॅनर चढवला. मधोमध गॉगल घातलेले बाबा. वर लिहिलेलं, 'सलग पाच वर्षे एकही क्लेम नाही! हार्दिक अभिनंदन!' आणि खाली शुभेच्छुक म्हणून अठरापगड चेहरे, त्यात आंबिवलीचा गॅरेजवाला गोविंदासुद्धा. ज्या माणसाने पाच वर्षांत त्याला एक दमडी मिळवू दिली नाही, त्याला तो शुभेच्छा देत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाव जेवून आडवं झालेलं असताना बाबांना फोटोची हुक्की आली. गाडी आणि बॅनर एकाच फोटोत हवे होते. त्यांनी गाडी बरोबर बॅनरखाली आणून लावली, उतरले आणि फोन माझ्या हातात दिला. मी म्हणाले, "बाबा, चौकट हलतेय." ते म्हणाले, "तू माझ्याकरं बघ."

मी बघितलं. वारा आला, तार तुटली आणि बाबा बाबांच्याच गाडीवर पडले. म्हणजे बॅनरवरचे. खरे बाबा दोन पावलं बाजूला उभे होते, म्हणून वाचले. बॉनेट आत गेलं, एक दिवा फुटला आणि समोरची काच चिरफाळली. आवाज ऐकून सासूबाई, गोदाआई, कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. त्यांनी आधी नवऱ्याला चाचपून पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "झाला का मनासारखा फोटो?"

बाबा फाटकाच्या पायरीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची मनापासून दया आली.

संध्याकाळी कलावतीबाई आल्या. त्यांनी सरळ सांगितलं, "बारीकसारीक ओरखडा असता, तर मीच म्हटलं असतं की बोनस वाचवा. पण हा खर्च बोनसमधून वाचणाऱ्या पैशांपेक्षा कितीतरी मोठा आहे. क्लेम करा. चालू पॉलिसीत काही बदलणार नाही. पुढच्या वर्षी मात्र बोनस शून्य."

"शून्य," बाबा पुटपुटले.

"करा," गोदाआई म्हणाल्या आणि विषय संपला.

कंपनीला जे घडलं तेच कळवलं. उभ्या गाडीवर बॅनरची चौकट पडली. पण गावाला काय सांगायचं? पोपटकाकांच्या बॅनरने गाडी फोडली म्हटलं, तर खाली छापलेल्या सगळ्या शुभेच्छुकांच्या तोंडावर मारल्यासारखं. म्हणूनच बाबांनी त्या दुपारी आम्हाला हाताशी धरून लोक उठायच्या आत बॅनर पुन्हा चढवून घेतला होता. पण गाडी गोविंदाच्या गॅरेजला गेली की गावाला कळणारच होतं.

गोविंदाने विचारलंच, "शेठ, काय झाला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सून चालवत होती."

मी शेजारीच उभी होते. ज्या गाडीच्या स्टिअरिंगला मी कधी बोटही लावलं नव्हतं, ती मी ठोकली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याहून जास्त राग आला. घरी आल्यावर मी भांडी अशी घासली की शेजारच्या केशरबाई विचारायला आल्या, काय फुटलं म्हणून.

दोन दिवसांत गावभर झालं. गोपीनाथशेठचे पन्नास टक्के सुनेने घालवले. पाणवठ्यावर, दुकानात, देवळात, जिथे जावं तिथे बायका माझ्याकडे टक लावून बघायच्या. मी पार ओशाळून गेले होते. मग एक दिवस केशरबाई हळूच म्हणाल्या, "कल्पिता, तू गारी चालवतंस हे मना म्हाईतच नव्हता. मना कल्याणच्या डॉक्टरकरं नेशील?" त्या बघण्यात कौतुक होतं, हे मला तेव्हा समजलं.

गाडी दुरुस्त होऊन आली त्या दिवशी मी सरळ बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले. "बाबा, माझ्या नावावर एक अपघात आहे. तो घडायला मी आधी गाडी चालवायला पाहिजे ना? चावी द्या."

बाबांनी दुरुस्त झालेल्या बॉनेटवरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी खिशातून चावी काढली. "घे. पुढच्या वर्षी शून्य ते शून्यच. शून्याच्या खाली कंपनीला बी नेता येत नाय. तवर काय ठोकायचा ते ठोक."

असा आशीर्वाद कोणत्या सुनेला मिळाला असेल? मी काहीही ठोकलं नाही. केशरबाईंना डॉक्टरकडे नेलं, नणंदेला, करिश्माला, कॉलेजात सोडलं. नवरात्रात गोदाआईंना शेजारी बसवून ठाण्याला गेले. नाक्यावर रस्ते बंद होते, त्यामुळे गाडी कुठल्या कुठे लावून चालत जावं लागलं, तरी मी राणीसारखी चालले. ओटी भरताना गोदाआई माझ्या कानात म्हणाल्या, "येताना बी तूच चालव. तुझ्या सासऱ्याची गारी मना बैलगारी वाटते." मला इतका आनंद झाला की मी तिथेच हसत सुटले आणि मागच्या रांगेने आम्हाला पुढे ढकललं.

वर्ष सरलं. कलावतीबाई नवी पॉलिसी देऊन गेल्या. बोनस शून्य. आणि बाई फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच बाबांनी माझ्यापुढे हात पसरला.

"आन चावी. आजपासून मोजनी सुरू. या वर्षी क्लेम नाय झाला, तर पुढच्या वर्षी वीस टक्के."

मला वाटलं होतं की आता हे सगळं मागे पडलं. वर्षभर मी चालवली, साधा ओरखडा नाही, आणि पुन्हा तेच. मी चावी त्यांच्या हातावर ठेवली आणि आत निघून गेले.

संध्याकाळी खडवलीला हळद होती. सगळे नटून गाडीत बसले, मी मुद्दाम मागे. बाबा पुढे बसले. चावी लावली. फिरवली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते समोर बघत राहिले. दिपेशने घड्याळ पाहिलं, गोदाआईंनी गजरा सारखा केला. बाबांच्या कपाळावर घाम आला होता.

मग ते उतरले, वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि काच ठोठावली.

"पोरी, तू बस पुरं."

"का? मोजणी सुरू झालीय ना?"

"म्हनूनच," बाबा आवाज खाली आणून म्हणाले. "मी चालवली आन काय झाला, तर नाव कोनाचा घेऊ?"

गोदाआई खिडकीकडे तोंड करून हसू लागल्या. मी मात्र हसले नाही. पुढे जाऊन बसले, आरसा माझ्या उंचीला लावून घेतला.

"माझं घ्या," मी म्हणाले. "पण मग वीस टक्के आले, की तेही गावात माझ्या नावानेच सांगायचे."

मागे बसून बाबांनी बोटांवर हिशेब केला.

"दहा-दहा," ते म्हणाले.

ते 'वीस' म्हणेपर्यंत मी गाडी चालूच केली नाही.